कार्बनची पट्टी आणि मॅरेथॉनचा काळ : २०१७ व २०२३ च्या दोन बुटांचा तौलनिक विचार

मॅरेथॉन शर्यतीचा इतिहास सामान्यतः वेळेच्या कोष्टकांवरून लिहिला जातो. एका स्तंभात धावपटूचे नाव, दुसऱ्यात गाव व दिनांक आणि तिसऱ्यात तास, मिनिटे व सेकंद अशी या कोष्टकांची मांडणी असते. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर सर्वांना सारखेच असल्यामुळे त्यातील आकडे परस्परांशी तुल्य आहेत असे वाचक गृहीत धरतो. २०१७ नंतर मात्र हे गृहीतकच वादाचा विषय झाले. त्या वर्षी कार्बन तंतूंची ताठर पट्टी आणि जाड, हलका फोम यांचा संयोग असलेला शर्यतीचा बूट बाजारात आला. पुढील काही वर्षांत पुरुषांचे व स्त्रियांचे मॅरेथॉन विक्रम ज्या गतीने बदलले, ती पाहता विक्रम धावपटूचा की बुटाचा, असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

प्रस्तुत लेखात या कालखंडाच्या दोन टोकांवरील दोन बुटांची तुलना केली आहे. पहिला, नायकी कंपनीने २०१७ मध्ये विक्रीस आणलेला ‘व्हेपरफ्लाय ४%’. दुसरा, आदिदास कंपनीने २०२३ मध्ये आणलेला ‘ॲडिझिरो ॲडिओस प्रो ईव्हो १’. कोणता बूट घ्यावा हे सांगणे हा या तुलनेचा हेतू नाही. दोन्ही बुटांना लोकभाषेत ‘कार्बनचे बूट’ असे एकच नाव मिळाले असले, तरी त्यांची घडण, त्यांच्याविषयीचा पुरावा आणि त्यांना लागू असलेले नियम हे तिन्ही भिन्न आहेत. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून या काळातील विक्रमांचे मूल्यमापन होऊ शकत नाही, हे दाखवणे हा तिचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

लांब पल्ल्याच्या धावण्यात पादत्राणाला आजच्याइतके महत्त्व नेहमीच होते असे नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना दोराबजी टाटा यांच्या मनात आली, ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून. त्या चमूतील फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले. १९६० मध्ये रोम येथे इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अनवाणी पायांनी २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली, आणि चार वर्षांनी टोकियो येथे बूट घालून त्यांनी २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद अशी वेळ दिली. दोन्ही वेळा त्या त्या दिवशी जगातील सर्वोत्तम होत्या. तीन मिनिटांच्या या अंतराचे श्रेय त्या काळी कोणी बुटाला दिले नाही. बूट हे पायाचे रक्षण करणारे साधन आहे, गती देणारे नव्हे, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

या समजुतीतून शर्यतीच्या बुटाविषयी एक सूत्र तयार झाले. बूट जितका पातळ आणि हलका, तितका चांगला. त्याला शास्त्रीय आधारही होता. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले की धावण्यास लागणारा प्राणवायू सुमारे एक टक्क्याने वाढतो, असे १९८० च्या दशकातील संशोधनापासून मानले जात आले आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील कॉलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी धावपटूंना कल्पना न देता त्यांच्या बुटांत शिशाचे वजन घालून ३००० मीटरच्या धावांची वेळ मोजली. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले असता ऊर्जाव्यय सुमारे १.१ टक्क्याने आणि धावण्याची वेळ सुमारे ०.८ टक्क्याने वाढते, असे त्यांना आढळले. जाड तळ म्हणजे अधिक वजन हे समीकरण जोवर खरे होते, तोवर पातळ तळाला पर्याय नव्हता.

हे समीकरण मोडण्यास दोन स्वतंत्र प्रवाह कारणीभूत झाले. पहिला प्रवाह ताठरतेचा. धावताना पायाची बोटे वाकतात आणि त्या सांध्यापाशी काही ऊर्जा वाया जाते. तळ ताठर केला तर हा व्यय कमी होईल, असा तर्क होता. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठातील रॉय व स्टेफनिशिन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्बन तंतूंच्या पट्ट्यांनी तळाची ताठरता वाढवल्यास सुमारे एक टक्का ऊर्जा वाचते असे दिसून आले. दुसरा प्रवाह फोमचा. २०१३ मध्ये आदिदासने जर्मन रसायन कंपनी बीएएसएफच्या साहाय्याने ‘बूस्ट’ नावाचा, दाबल्यावर अधिक ऊर्जा परत देणारा फोम बाजारात आणला. २०१४ मध्ये बर्लिन येथे केनियाच्या डेनिस किमेट्टो यांनी २ तास २ मिनिटे ५७ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तो याच फोमचा बूट घालून. हा फोम परतावा चांगला देत असे. परंतु तो जड होता. पट्टीचा प्रवाह आणि फोमचा प्रवाह यांचा संगम पुढे २०१७ च्या बुटात झाला.

२. पहिला बूट : व्हेपरफ्लाय

व्हेपरफ्लायचा इतिहास त्याच्या विक्रीपूर्वीच सुरू होतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या मॅरेथॉनचे तिन्ही पदकविजेते, म्हणजे केनियाचे एलिउड किपचोगे, इथिओपियाचे फेयिसा लिलेसा आणि अमेरिकेचे गॅलन रप, या बुटाचा प्रायोगिक नमुना घालून धावले होते, ही गोष्ट पुढील वर्षी जाहीर झाली. शर्यतीच्या दिवशी हा नमुना कोणत्याही दुकानात मिळत नव्हता. पुढे जो नियमांचा प्रश्न निर्माण झाला, त्याचे बीज येथे आहे.

६ मे २०१७ रोजी इटलीतील मॉन्झा येथील मोटारशर्यतींच्या मार्गावर किपचोगे यांनी दोन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करण्याचा प्रयत्न केला आणि २ तास ० मिनिटे २५ सेकंद अशी वेळ दिली. वेगसाथी धावपटू आलटून पालटून मध्येच सामील होत असल्यामुळे ही वेळ विक्रम म्हणून ग्राह्य नव्हती. परंतु तिने बुटाची कीर्ती जगभर पोहोचवली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘व्हेपरफ्लाय ४%’ हा बूट २५० डॉलर किमतीस विक्रीस आला.

बुटाच्या नावातील ‘४%’ या अंकाचा उगम कॉलोराडो विद्यापीठातील एका प्रयोगात आहे. वाउटर हूगकामर, रॉजर क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ निष्णात धावपटूंना तीन प्रकारच्या बुटांत ताशी १४, १६ व १८ किलोमीटर वेगाने ट्रेडमिलवर धाववले. त्यांपैकी एक नायकीचा नवा नमुना, दुसरा त्याच कंपनीचा जुना शर्यतीचा बूट ‘झूम स्ट्रीक ६’, आणि तिसरा किमेट्टो यांच्या विक्रमाशी निगडित असलेला ‘ॲडिओस बूस्ट २’ होता. नव्या नमुन्यात ऊर्जाव्यय इतर दोहोंच्या तुलनेने सरासरी अनुक्रमे ४.१६ व ४.०१ टक्क्यांनी कमी आढळला. यंत्राने दाबून पाहिले असता नव्या तळाने ८७ टक्के ऊर्जा परत दिली, बूस्टने ७५.९ टक्के आणि स्ट्रीकने ६५.५ टक्के. नव्या नमुन्याच्या टाचेची उंची ३१ मिलिमीटर होती, म्हणजे तत्कालीन शर्यतीच्या बुटांहून बरीच अधिक.

या पुराव्याचे परीक्षण करताना चार गोष्टी लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली, प्रयोगास निर्मात्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते आणि तिचे काही कर्मचारी लेखकवर्गात होते. निबंधात हे लपवलेले नाही आणि पुढील स्वतंत्र प्रयोगांनी निष्कर्षाला सामान्यतः दुजोराच दिला, तरी प्रथम पुरावा कोठून आला हे नोंदवणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. दुसरी, तिन्ही बुटांचे वजन शिसे घालून सारखे करण्यात आले होते; म्हणजे चार टक्क्यांत नव्या बुटाच्या हलकेपणाचा लाभ धरलेला नाही. तिसरी, सर्व १८ धावपटू पुरुष होते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, हा आकडा ऊर्जाव्ययाचा आहे, वेळेचा नव्हे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो आणि प्राणवायूची मागणी वेगापेक्षा अधिक प्रमाणात चढते. त्यामुळे श्रेष्ठ धावपटूंच्या बाबतीत ऊर्जेतील चार टक्के बचतीने वेळेत चार टक्के घट होत नाही.

किमेट्टो यांच्या वेळेतून चार टक्के वजा केले तर १ तास ५८ मिनिटे २ सेकंद उरतात. १६ सप्टेंबर २०१८ रोजी बर्लिन येथे किपचोगे यांनी व्हेपरफ्लाय घालून प्रस्थापित केलेला विक्रम होता २ तास १ मिनिट ३९ सेकंद. म्हणजे सुधारणा ७८ सेकंदांची, सुमारे एक टक्क्याची. व्यापारी नावातील अंक आणि रस्त्यावरील अंक यांमध्ये केवढे अंतर होते, हे यावरून उघड होते.

३. पट्टी की फोम?

व्हेपरफ्लायच्या यशानंतर ‘कार्बन’ हा शब्द इतका रूढ झाला की बुटाचे सारे सामर्थ्य पट्टीतच आहे अशी समजूत पसरली. पट्टी हे दिसणारे, मोजता येणारे आणि वादात बोट दाखवता येणारे अंग होते. तिला ‘स्प्रिंग’ असेही म्हटले गेले. परंतु यांत्रिक दृष्ट्या पाहता साठवलेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग फोमच्या दाबण्यात साठतो. पट्टीच्या वाकण्यात साठणारी ऊर्जा त्या मानाने अल्प असते. हा फोम पॉलिएथर ब्लॉक अमाइड या वर्गातील ‘पेबॅक्स’ नावाच्या बहुवारिकापासून तयार होतो. उच्च दाबाखाली त्यात नायट्रोजन वायू मुरवून तो फुगवला जातो, आणि त्यामुळे जाडी वाढूनही वजन फारसे वाढत नाही. जाड तळ म्हणजे जड तळ हे जुने समीकरण मोडले ते या फोमने.

२०१९ मध्ये कॉलोराडोच्या त्याच गटाने धावण्याच्या यांत्रिक विश्लेषणावरून असे मत मांडले की मुख्य लाभ फोमचा असून पट्टी बोटांच्या सांध्यातील व्यय आणि घोट्यावरील काम काहीसे कमी करते. त्यानंतर हीली व हूगकामर यांनी प्रश्न अधिक सरळ मार्गाने तपासला. त्यांनी व्हेपरफ्लायच्या पट्टीला आडवे सहा छेद देऊन तिची ताठरता घटवली आणि १५ धावपटूंना अखंड व छेदलेल्या अशा दोन्ही बुटांत धाववले. छेदलेल्या बुटात ऊर्जाव्यय सरासरी सुमारे अर्धा टक्का अधिक भरला. परंतु हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. ज्या अंगाच्या नावाने बूट ओळखला जाई, ते जवळजवळ निकामी केल्यावरही बुटाचा बहुतेक गुण टिकून राहिला.

यावरून पट्टी निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. छेद दिल्यावरही पट्टीचे तुकडे तळात आपल्या जागी होतेच. शिवाय मऊ व उंच फोमला आकार व स्थैर्य देण्याचे काम पट्टी करते, आणि चवड्यापाशी तळाला दिलेला वर्तुळाकार उतारही तिच्यामुळे टिकतो. एवंच, लाभ कोणत्याही एका अंगाचा नसून संयोगाचा आहे. ‘कार्बनचा बूट’ हे नाव सोयीचे असले तरी त्यावरून कारणाचा बोध होत नाही.

४. नियमांची रेषा

या बुटांचा आणि नियमांचा संबंध विशेष उद्बोधक आहे. २०२० पूर्वी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात बुटांविषयी दोन सर्वसाधारण तत्त्वे होती. बुटाने धावपटूला अन्याय्य साहाय्य मिळू नये, आणि बूट खेळाच्या सार्वत्रिकतेस अनुसरून सर्वांना वाजवी रीतीने उपलब्ध असावा. ‘अन्याय्य’ म्हणजे किती आणि ‘वाजवी’ म्हणजे कोणत्या अर्थाने, हे सांगणारा एकही आकडा त्यात नव्हता. व्हेपरफ्लायचा उदय झाला तो या मोकळ्या जागेत. त्याने नियम मोडला असे म्हणता येत नाही, कारण मोडण्यासारखा स्पष्ट नियमच अस्तित्वात नव्हता.

२०१९ च्या ऑक्टोबरात दोन सलग दिवशी घडलेल्या घटनांनी परिस्थिती बदलली. १२ ऑक्टोबरला व्हिएन्ना येथे किपचोगे यांनी व्हेपरफ्लायच्या पुढील पिढीचा नमुना घालून १ तास ५९ मिनिटे ४०.२ सेकंदांत अंतर पार केले. मॉन्झाप्रमाणेच ही वेळही विक्रम म्हणून धरली गेली नाही. दुसऱ्या दिवशी शिकागो येथे केनियाच्या ब्रिजिड कोस्गेई यांनी व्हेपरफ्लाय मालिकेतील बूट घालून २ तास १४ मिनिटे ४ सेकंद अशी वेळ दिली आणि पॉला रॅडक्लिफ यांचा २००३ मधील २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम मोडला. सोळा वर्षे अबाधित राहिलेला विक्रम ८१ सेकंदांनी मागे पडल्यावर संघटनेला मौन पाळणे अशक्य झाले.

३१ जानेवारी २०२० रोजी वर्ल्ड ॲथलेटिक्सने नवे नियम जाहीर केले. तळाची जाडी ४० मिलिमीटरहून अधिक नसावी. तळात एकाहून अधिक ताठर पट्टी नसावी, ती तुकड्यांत असली तर तुकडे एकाच पातळीत असावेत, एकावर एक नसावेत. आणि ३० एप्रिल २०२० नंतर वापरला जाणारा बूट स्पर्धेपूर्वी चार महिने खुल्या बाजारात उपलब्ध असावा. पुढे उपलब्धतेच्या नियमात फेरफार होऊन, पूर्वपरवानगी घेतलेले प्रायोगिक बूट ऑलिंपिक व विश्वस्पर्धा वगळता मर्यादित काळ वापरण्यास मुभा देण्यात आली.

४० हा आकडा ऊर्जेच्या मोजमापातून निघालेला नव्हता. अमुक जाडीपर्यंतचे साहाय्य न्याय्य आणि त्यापुढचे अन्याय्य, असा कोणताही प्रयोग झालेला नव्हता. नियम जाहीर झाल्यानंतर थोड्याच दिवसांत नायकीने ‘अल्फाफ्लाय’ हा ३९.५ मिलिमीटर जाडीचा बूट जाहीर केला. कमाल मर्यादा घातली गेली आणि निर्मात्यांनी तिलाच उद्दिष्ट मानले. ज्यांचे बूट आतापर्यंत पातळ होते त्या कंपन्यांनाही किती उंच जाता येते हे नियमानेच सांगितले. बंधन म्हणून आखलेली रेषा येणेप्रमाणे संपूर्ण उद्योगाची मार्गदर्शक रेषा झाली.

५. दुसरा बूट : ॲडिओस प्रो ईव्हो १

आदिदासचा ईव्हो १ हा या रेषेच्या आत राहून निर्माण झालेला बूट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा त्याच्या टाचेची उंची ३९ मिलिमीटर आणि चवड्याची ३३ मिलिमीटर होती. मर्यादेच्या आत केवळ एक मिलिमीटर शिल्लक होता. उंची वाढवण्यास वाव उरला नसल्यामुळे निर्मात्यांनी जुन्याच सूत्राकडे, म्हणजे वजनाकडे, मोर्चा वळवला. मध्यम मापाच्या एका बुटाचे वजन १३८ ग्रॅम होते. कंपनीच्या म्हणण्यानुसार हे तिच्या तोवरच्या कोणत्याही शर्यतीच्या बुटाहून ४० टक्क्यांनी कमी होते. फोम दाबाच्या साच्यात न घालता तयार केला होता, आणि तळाखाली नेहमीच्या रबराऐवजी द्रवरूप रबराचा पातळ थर दिला होता.

या बुटात व्हेपरफ्लायसारखी सलग पट्टी नाही. आदिदासच्या या मालिकेत पायाच्या लांब हाडांच्या दिशेने बसवलेल्या, कार्बनयुक्त पदार्थाच्या सळ्या असतात. म्हणजे ज्या दोन बुटांना एकाच नावाने ओळखले जाते, त्यांपैकी एकात कार्बनची रचना सलग चमच्याच्या आकाराची आहे, तर दुसऱ्यात सळ्यांची.

ईव्हो १ ची किंमत ५०० डॉलर होती. आरंभी अवघे ५२१ जोड विक्रीस काढण्यात आले. हा बूट एका मॅरेथॉनपुरता, आणि फार तर तत्पूर्वीच्या सरावाच्या काही धावांपुरता आहे, हे कंपनीने स्वतःच सांगितले. हलकेपणासाठी टिकाऊपणाचा त्याग केला गेला, आणि तो उघडपणे केला गेला.

२४ सप्टेंबर २०२३ रोजी बर्लिन येथे इथिओपियाच्या तिगिस्त असेफा यांनी हा बूट घालून २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत शर्यत जिंकली आणि कोस्गेई यांचा विक्रम १३१ सेकंदांनी मोडला. शर्यतीनंतर असेफा यांनी बूट हातात उंच धरल्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. धावपटूचे यश आणि वस्तूची प्रसिद्धी ही एकाच चौकटीत आली.

६. तुलना

दोन्ही बूट समोरासमोर ठेवले असता पहिला भेद दिसतो तो पुराव्याच्या स्वरूपाचा. व्हेपरफ्लायने आपला दावा प्रयोगशाळेतील टक्केवारीच्या रूपात मांडला आणि तो प्रसिद्ध निबंधाच्या आधारे तपासता येण्याजोगा होता. ईव्हो १ चा मुख्य दावा वजनाचा होता. तो तराजूवर कोणालाही पडताळता येतो. परंतु त्यावरून धावपटूस किती लाभ झाला हे थेट कळत नाही. पूर्वोक्त प्रमाणांचा आधार घेऊन एक अदमास करता येतो. व्हेपरफ्लाय ४% चे वजन त्याच मापात सुमारे १८५ ग्रॅम होते. दोहोंतील फरक ४७ ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे ऊर्जाव्ययात सुमारे अर्धा टक्का आणि वेळेत ०.४ टक्क्यांहून किंचित कमी. असेफा यांच्या वेळेवर हे प्रमाण लावले तर उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आत येते, आणि स्त्रियांचे बूट मापाने लहान असल्यामुळे प्रत्यक्ष फरक आणखी कमी असणार. १३१ सेकंदांच्या सुधारणेपैकी वजनाच्या वाट्याला येणारा भाग असा मर्यादित आहे.

उरलेला भाग फोमचा की धावपटूचा, हे या आकड्यांवरून ठरत नाही. असेफा या मुळात ८०० मीटरच्या धावपटू होत्या आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये त्या अंतरात सहभागी झाल्या होत्या. मार्च २०२२ मध्ये रियाध येथे त्यांची मॅरेथॉनची वेळ २ तास ३४ मिनिटे १ सेकंद होती; त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बर्लिन येथे ती २ तास १५ मिनिटे ३७ सेकंदांवर आली. ईव्हो १ अस्तित्वात येण्यापूर्वीच सहा महिन्यांत अठरा मिनिटांहून अधिक सुधारणा ज्यांनी केली, त्यांच्या पुढील वर्षीच्या पावणेचार मिनिटांचा हिशेब केवळ बुटाच्या खात्यावर मांडणे तर्काला धरून नाही.

दुसरा भेद लाभाच्या वाटणीचा. चार टक्के ही सरासरी आहे, आणि सरासरीमागे व्यक्ती दडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जागतिक दर्जाचे सात केनियन धावपटू आणि सात हौशी युरोपीय धावपटू यांची या प्रकारच्या बुटांत, पातळ तळाच्या बुटाच्या तुलनेने, चाचणी घेण्यात आली. केनियन धावपटूंत परिणाम ११.४ टक्के लाभापासून ११.३ टक्के हानीपर्यंत पसरला होता. हौशी धावपटूंत ९.७ टक्के लाभापासून १.१ टक्के हानीपर्यंत. गट लहान होता, हे खरे. तरीही एकाच बुटाने सर्वांना सारखेच पुढे नेले, ही कल्पना त्यामुळे टिकत नाही. जागतिक क्रमवारीच्या अभ्यासांतही २०१७ नंतरची सुधारणा पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळली. मूळ प्रयोगात एकही स्त्री नव्हती, ही गोष्ट येथे पुन्हा आठवावी लागते. ज्यांच्या विक्रमांवर सर्वाधिक परिणाम झाला, त्यांच्याविषयीचा प्रयोगशालेय पुरावा सर्वांत उशिरा जमू लागला.

तिसरा भेद नियमाशी असलेल्या नात्याचा. पहिल्या बुटाने नियमाची उणीव उघड केली. दुसऱ्याने नियमाची सर्व जागा व्यापली. पहिल्याविषयीचा आक्षेप साहाय्याच्या प्रमाणाविषयी होता; दुसऱ्याविषयीचा आक्षेप प्रामुख्याने उपलब्धतेविषयी आहे. ५२१ जोड बाजारात आणणे ही उपलब्धता खरीच; परंतु एका मोठ्या शहरी मॅरेथॉनमध्ये हजारो धावपटू भाग घेतात, हे लक्षात घेता सार्वत्रिकतेच्या तत्त्वाशी तिचा मेळ कसा घालावयाचा? व्यावसायिक धावपटूला बूट पुरस्कर्त्या कंपनीकडून मिळतो. ज्याला पुरस्कर्ता नाही त्या इथिओपिया, केनिया किंवा भारतातील उदयोन्मुख धावपटूला एका शर्यतीसाठी ५०० डॉलर खर्च करणे म्हणजे कित्येक महिन्यांच्या आहाराचा व सरावाचा खर्च पायात घालणे होय. मॅरेथॉनकडे गरिबांना खुला असलेला खेळ म्हणून पाहिले गेले, कारण तिच्यासाठी रस्ता आणि पाय एवढेच पुरेसे होते. या समजुतीला बाधा आली ती पट्टीमुळे नव्हे. अल्पायुषी व महाग साधन हीच स्पर्धेची किमान पात्रता होऊ लागल्यामुळे आली.

७. विक्रमांचे वाचन

या विवेचनातून विक्रमांच्या इतिहासासंबंधी काही गोष्टी निष्पन्न होतात. कार्बन-युगातील वेळांतून ठरावीक टक्के वजा करून ‘खरा’ विक्रम काढण्याचा मोह टाळला पाहिजे. प्रयोगशाळेतील सरासरी एका व्यक्तीला लावता येत नाही, ऊर्जेची टक्केवारी वेळेला लावता येत नाही, आणि ताशी १८ किलोमीटरपर्यंत मोजलेला परिणाम मॉन्झा येथील ताशी २१ किलोमीटरच्या वेगाला जसाच्या तसा लागू होतो असे मानता येत नाही. त्याचबरोबर, जुन्या व नव्या वेळा एकाच स्तंभात निर्विकारपणे लिहीत जाणेही तितकेच चुकीचे आहे. रॅडक्लिफ यांचे २००३ मधील २ तास १५ मिनिटे २५ सेकंद आणि कोस्गेई यांचे २०१९ मधील २ तास १४ मिनिटे ४ सेकंद यांत ८१ सेकंदांचा फरक आहे. परंतु त्यावरून दुसरी धावपटू पहिलीहून श्रेष्ठ होती असे विधान करण्यास इतिहासाच्या साधनांत आधार सापडत नाही. दोघी आपापल्या काळाच्या नियमांत आणि साधनांत धावल्या, एवढेच निःशंकपणे म्हणता येते.

म्हणून विक्रमांच्या कोष्टकात आणखी एका स्तंभाची आवश्यकता आहे. त्यात बुटाचे नाव आणि त्या दिवशी लागू असलेला नियम नोंदवला जावा. बिकिला यांच्या १९६० च्या ओळीत तेथे ‘अनवाणी’ असे लिहिले जाईल. किपचोगे यांच्या २०१८ च्या ओळीत ‘व्हेपरफ्लाय, जाडीची मर्यादा नाही’. असेफा यांच्या २०२३ च्या ओळीत ‘ईव्हो १, मर्यादा ४० मिलिमीटर’. अशा नोंदीने कोणाचेही श्रेय हिरावले जात नाही. उलट, असेफा यांच्या रियाध ते बर्लिन या वाटचालीसारखी माणसाने केलेली प्रगती बुटाच्या जाहिरातीपासून वेगळी पाहण्याची सोय होते. रिओ येथील शर्यतीत कोणाच्या पायांत काय होते हे तिघांना पदके मिळाल्यानंतर कित्येक महिन्यांनी जगाला कळले. तो स्तंभ त्या वेळी अस्तित्वात असता, तर ही गोष्ट शर्यतीच्या दिवशीच नोंदली गेली असती.